स्वप्नाच्या आड येणारी भीती: आधी काय करायचं, नंतर काय

मनातलं स्वप्न सुरू करायचं असतं आणि भीती आड येते, तेव्हा चुका दोन प्रकारच्या होतात. काही जण भीती जायची वाट बघतात. ‘जरा आत्मविश्वास आला की सुरू करतो’ असं म्हणत वर्षानुवर्षं तीच लोकल, तोच डबा, तीच खुर्ची. काही जण एखाद्या वाईट सोमवारी साहेबांशी वाजलं म्हणून राजीनामा टाकतात. मग तीन महिन्यांनी घरभाड्याची तारीख आली की मिळेल ती नोकरी धरतात आणि त्या स्वप्नाचं नाव पुन्हा काढत नाहीत. दोघांचाही क्रम चुकतो. भीती कामाच्या आधी जात नाही. ती काम करताना हळूहळू उतरते, तेही आपल्या अपेक्षेपेक्षा उशिरा. आणि राजीनामा ही शेवटाकडची पायरी आहे, पहिली नव्हे.

मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या आणि मनात नाटक, डब्यांचा व्यवसाय, फोटोग्राफी, लेखन, स्वतःचा क्लास असं काहीतरी बाळगून असलेल्यांसाठी हा क्रम लिहितो आहे. टप्पे गाळू नका. चौथा टप्पा सगळ्यात लांब आहे आणि बहुतेक लोक तिथेच पळवाट काढतात.

## सुरुवातीआधीची तयारी

एक साधी वही घ्या. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहू नका, त्या कोणी उघडून बघत नाही. बँकेचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट, यूपीआयचा तपशील आणि नोकरीचं नेमणूकपत्र शोधून ठेवा. नेमणूकपत्र कुठल्या फाइलमध्ये आहे हेच अनेकांना आठवत नाही, आणि पुढे त्याचीच गरज लागते.

आठवड्यातले दोन ठरावीक तास काढा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं म्हणाल तर तो मिळणार नाही. ‘शनिवारी सकाळी सात ते नऊ, स्वयंपाकघरातल्या टेबलावर’ असं वेळ आणि जागेसकट लिहा.

सावधान: तयारीच्या नावाखाली खरेदी करू नका. नवा कॅमेरा, महागडा ऑनलाइन कोर्स, व्यवसायाचा लोगो या सगळ्यांमुळे काम सुरू झाल्यासारखं वाटतं. कोणासमोर उभं मात्र राहावं लागत नाही, म्हणूनच ते गोड लागतं.

## १. भीती एका वाक्यात लिहा

‘मला भीती वाटते’ एवढं लिहून भागत नाही. ‘मी अमुक केलं, तर तमुक होईल’ अशा रूपात लिहा. ‘मी ऑडिशन दिली, तर मधेच संवाद विसरेन आणि समोरचे हसतील.’ ‘मी शेजारच्या काकूंना डब्याचा भाव सांगितला, तर त्या म्हणतील, घरच्या माणसाकडून पैसे घेतेस होय?’ अशी आठ-दहा वाक्यं काढा.

‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य वहीत आलं तर तिथेच थांबा आणि ‘लोक’ म्हणजे कोण, त्यांची नावं लिहा. मोठे मामा, ऑफिसातला एक सहकारी, कॉलेजचा व्हॉट्सअॅप ग्रुप. यादी सहसा पाच नावांपुढे जात नाही, आणि त्यातल्या दोघांशी तुमचं वर्षभरात बोलणंही झालेलं नसतं.

तपासणी: वाक्य वाचून ‘हे घडलं की नाही’ याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं का? ‘माझं काही खरं नाही’ हे तपासता येत नाही. ‘महिन्याभरात पाच गिऱ्हाइकंही मिळणार नाहीत’ हे तपासता येतं.

## २. धोका वेगळा, भीती वेगळी

आता वहीच्या पानाला मधोमध घडी घाला. डाव्या बाजूला असा धोका लिहा, जो तुम्ही अजिबात घाबरला नाहीत तरी उरतोच. उजव्या बाजूला, हसं होईल, नकार मिळेल, लाज वाटेल, हे सगळं. डाव्या बाजूवर उपाय कागदपत्रांचा आणि पैशांचा असतो. उजव्या बाजूवरचा उपाय सरावाचा. लोक नेमकं उलट करतात: पैशाच्या प्रश्नावर प्रेरणादायी व्हिडिओ बघतात आणि लाजेच्या प्रश्नावर आणखी एक प्रमाणपत्र मिळवतात.

डाव्या बाजूच्या काही गोष्टी लोकांच्या लक्षातच येत नाहीत.

नोकरी सांभाळून दुसरं काम करायला कंपनीची मनाई आहे का, हे नेमणूकपत्रात बघा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. खाजगी व्यवसाय करण्याआधी लेखी परवानगीचा प्रश्न येतो आणि तो तोंडी ‘चालतं हो’वर सोडू नये.

कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी घेतली तर सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून बहुतेक आजारांना संरक्षण नसतं, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ती पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आजच चौकशी करा.

ग्रॅच्युइटीसाठी कायमच्या नोकरीत साधारण पाच वर्षांची सलग सेवा लागते. चार महिने उरले असतील तर चार महिने काढा. त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

घरगुती खाद्यपदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ‘घरातूनच तर करते’ ही सबब चालत नाही. छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात.

अभिनयात उतरणाऱ्यांनी एक नियम पाळावा: ऑडिशनसाठी, ‘कोऑर्डिनेशन’साठी किंवा अमुकच माणसाकडून पोर्टफोलिओ काढण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथून निघायचं. इथे वाटणारी भीती बरोबर असते. तिच्यावर मात करायची नसते, तिचं ऐकायचं असतं.

## ३. पैशांचा हिशोब

हा टप्पा एका शनिवारात संपतो. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटवरून महिन्याचा खरा खर्च काढा. भाडं किंवा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, पास, किराणा, आई-वडिलांची औषधं. गणपती-दिवाळी आणि लग्नसराईतले आहेर बारांनी भागून त्यात मिळवा. हा खर्च प्रत्येक जण विसरतो.

मग हाताशी किती महिन्यांचा खर्च आहे ते बघा. सहा महिने ही लोकांच्या तोंडची संख्या आहे. ज्या कामात पैसे उशिरा हातात येतात, म्हणजे अभिनय, लेखन, छायाचित्रण, तिथे मी बारा महिने धरतो. यात पीएफ धरू नका. घरमालकाकडे अडकलेलं डिपॉझिटही धरू नका. भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, तेव्हा तो संपल्यावर भाडं वाढेल असंच गृहीत धरा. घर बदलायचं असेल किंवा गृहकर्ज काढायचंच असेल, तर पगाराच्या स्लिपा हातात असताना ते काम उरका. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात.

तपासणी: आकडा कागदावर आला का? ‘साधारण चालून जाईल’ हा आकडा नाही. रात्री दोन वाजता छातीत धडधडतं ते बहुतेक वेळा न मांडलेल्या हिशोबामुळे. आकडा वाईट निघाला तरी चालेल. तो पुरेसा नसेल तर चौथा टप्पा नोकरी सांभाळूनच करायचा, इतकाच त्याचा अर्थ.

## ४. शिडी मांडा

भीती टिकते कशी, ते आधी बघू. ऑडिशनला जायचं ठरवता, पोटात गोळा येतो, ‘आज नको’ म्हणता, आणि लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणं म्हणजे टाळण्याला मिळालेलं बक्षीस. प्रत्येक वेळी टाळलं की पुढची खेप आणखी जड जाते. उलट, झेपेल इतक्या भीतीत मुद्दाम जायचं, तिथे थांबायचं आणि काय होतं ते बघायचं, असं वारंवार केलं की मन नवा अनुभव जमा करतं. मानसोपचारात भयगंडावर याच रीतीने काम करतात. अशा कृती सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमाने लावल्या की त्याची शिडी होते. ती मांडताना प्रत्येक कृतीला ० ते १०० गुण देतात: ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी धास्ती.

समजा, ठाण्यात राहणारी, अंधेरीत एका कंपनीत हिशोब बघणारी एक बाई आहे. कॉलेजात एकांकिका केल्या, मग लग्न, नोकरी, आणि आता छत्तिसाव्या वर्षी पुन्हा रंगमंचावर जायचं आहे. तिची शिडी अशी असू शकेल:

- १५: दोन मिनिटांचं स्वगत मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः पूर्ण बघणं
- २५: तेच एका मैत्रिणीला पाठवणं, ‘कसं वाटलं ते खरं सांग’ एवढंच लिहून
- ३५: सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळचं सूत्रसंचालन
- ४५: एखाद्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीला जाऊन बसणं, बॅकस्टेजला मदत करू का असं विचारणं
- ५५: अभिवाचनात एक छोटा उतारा
- ६५: ओपन माइकवर, म्हणजे कोणीही नाव देऊन सादर करू शकतं अशा कार्यक्रमात, अनोळखी लोकांसमोर पाच मिनिटं
- ८०: ऑडिशन
- ९०: सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संघात भूमिका
- १००: नोकरी अर्धवेळ करणं किंवा सोडणं

राजीनामा कुठे आहे ते बघा. त्याच्याखाली आठ पायऱ्या आहेत आणि त्यातल्या एकीसाठीही नोकरी सोडावी लागत नाही.

पायऱ्या ठरवताना दोन चुका होतात. एक म्हणजे २५ वरून थेट ८०. ऑडिशनला जातो, हातपाय गळतात, ‘आपलं काम नाही हे’ असा निष्कर्ष काढून घरी येतो. दुसरी चूक याहून छुपी आहे: पायऱ्या अशा लिहायच्या की त्यात दुसरं माणूसच नाही. ‘पुस्तकं वाचणं’, ‘आवाजाचा रियाज’, ‘इतरांची नाटकं बघणं’. सगळं उपयोगाचं आहे, पण शिडीवर त्याला जागा नाही. शिडीवरच्या कृतीत कोणीतरी तुम्हाला बघितलं, नाही म्हटलं किंवा पैसे दिले, यातलं काहीतरी घडायला हवं. सुरुवातीची एखादी पायरी त्याला अपवाद.

डबे, फराळ, शिवणकाम, शिकवणी असं काम करणाऱ्यांची शिडी वेगळी असते. तिथे सगळ्यात उंच पायरी पदार्थ बनवण्याची नसतेच. भाव सांगण्याची असते, आणि तोही ओळखीच्या माणसाला. पुरणपोळ्या पहिल्यांदा ‘असंच घ्या हो’ म्हणून दिल्या जातात, दुसऱ्यांदा ‘तुम्हाला काय वाटेल ते द्या’ म्हणून, आणि वर्षभराने व्यवसाय तोट्यात आहे असं कळतं. मराठी माणसाला धंदा जमत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे. अडचण बहुतेक वेळा या एका वाक्यात असते, जे आपण कधी मोठ्याने म्हणूनच बघितलेलं नसतं. म्हणून या शिडीच्या पायऱ्या अशा: आरशासमोर भाव म्हणणं, अनोळखी गिऱ्हाइकाला फोनवर सांगणं, इमारतीतल्या शेजारणीला सांगणं, आत्याला सांगणं, ‘महाग आहे’ असं ऐकल्यावर भाव कमी न करता दहा सेकंद गप्प राहणं. ‘काकू, डझनाचे इतके होतील. किती डझन लिहू?’ एवढंच. पुढे तूप कितीला मिळालं, गॅस किती जातो, याचा पाढा वाचायचा नाही.

तपासणी: सगळ्यात खालची पायरी या आठवड्यात करता येईल अशी आहे का? नसेल तर तिच्याही खाली एक पायरी घाला.

## ५. पायरी चढायची कशी

नुसतं जाऊन आलात तर फारसा फरक पडत नाही. आधी, दरम्यान आणि नंतर काय करायचं ते ठरलेलं असू द्या.

आधी: वहीत अंदाज लिहा. ‘ओपन माइकवर मी मधेच थांबेन. लोक मोबाइल बघतील. भीती ७०.’

दरम्यान: भीती चढेल, तळहाताला घाम येईल, तोंड कोरडं पडेल. निघून जाऊ नका. भीती ऐन टोकाला असताना तुम्ही बाहेर पडलात तर पळाल्यामुळे सुटलो असंच मनात पक्कं बसतं. कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसा, स्वतःचं झाल्यावरही.

आणि कुबड्या सोडा. सोबत मैत्रिणीला नेणं, कागदावरून वाचणं, मागच्या रांगेत दारापाशी बसणं, या कुबड्या. मराठी माणसाची आवडती कुबडी म्हणजे आगाऊ माफी: ‘मी काही कलाकार वगैरे नाही हं, सहज आपलं, चुकलं तर सांभाळून घ्या.’ ती घेऊन काम नीट पार पडलं तरी श्रेय कुबडीलाच जातं आणि भीती तशीच राहते. पहिल्या खेपेला एखादी कुबडी चालेल, तिसऱ्या खेपेला नको.

नंतर: त्याच रात्री, परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर तिथेच, खरं काय घडलं ते अंदाजाशेजारी लिहा. ‘दोनदा अडखळले. पहिल्या रांगेतला एक जण मोबाइल बघत होता, बाकीचे ऐकत होते. भीती सुरुवातीला ७५, शेवटी ४०.’ जे घडलं ते लिहा, ‘छान झालं’ किंवा ‘वाट लागली’ असे शेरे नकोत.

एकच पायरी निदान तीन-चार वेळा करा, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर. एकदा जमलं की लोक त्याला नशीब म्हणतात. गुण निम्म्यावर आले, किंवा तुमचा अंदाज सलग खोटा ठरला, की पुढची पायरी.

मोजायचं काय, याबद्दलही ठरवून ठेवा. होकार मोजू नका, प्रयत्न मोजा. अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, ज्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांना बऱ्यापैकी ठाऊक आहे, एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला कमालीचा घाबरायचा. १९३३ साली न्यू यॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये त्याने स्वतःला नेम घालून दिला: बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात तो शंभर जणींशी बोलला. भेटायला एकच तयार झाली, आणि तीही आली नाही. होकाराच्या हिशोबाने सपशेल अपयश. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही, काही भयंकर घडलं नाही, आणि त्याची भीती गेली. (शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर हा प्रयोग करू नका. काळ वेगळा आहे, आणि समोरच्या बाईला तिची संध्याकाळ निवांत घालवायची असते.)

सावधान: पायरी फसली तर शिडी मोडू नका. तिच्या आणि खालच्या पायरीच्या मधे आणखी एक पायरी बसवा. ओपन माइकवर पाच मिनिटं जमली नाहीत, तर पुढच्या खेपेला दोन मिनिटं.

## ६. घरी सांगणं

लोक हे सगळ्यात आधी करतात. मला ते चौथ्या-पाचव्या टप्प्यानंतर बरं वाटतं. नुसतं स्वप्न सांगितलं तर घरचे त्यांची भीती तुमच्या हातात देतात, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. तीन पायऱ्या चढून आणि हिशोबाचा कागद घेऊन बसलात तर बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. एक अपवाद: नवरा-बायकोचे पैसे एकत्र असतील तर तिसऱ्या टप्प्यालाच दोघांनी मिळून बसावं. जोडीदारापासून हिशोब लपवून पुढे काही धड होत नाही.

जागा आणि वेळ निवडा. गणपतीत सगळा गोतावळा जमलेला असताना विषय काढू नका. काका, आत्या, जावईबापू सगळे मत देतील आणि बाबांना चारचौघांत काहीतरी एक भूमिका घ्यावीच लागेल. एका वेळी एकाच माणसाशी बोला. वन रूम किचनमध्ये एकांत मिळत नसेल तर बाबांबरोबर भाजी आणायला निघा.

‘बाबा, मी नोकरी सोडतोय’ अशी सुरुवात करू नका. ‘बाबा, सहा महिने मी शनिवार-रविवार फोटोग्राफीची कामं करतोय. आत्तापर्यंत इतके पैसे मिळाले. मार्चपर्यंत नोकरी चालूच ठेवणार आहे. तुम्हाला यात सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?’ आणि मग ऐका. ते जे म्हणतील ते वहीत लिहा. त्यातलं एखादं वहीच्या डाव्या बाजूचं, म्हणजे खऱ्या धोक्याचं निघतं, तुमच्या नजरेतून सुटलेलं.

सावधान: सगळ्यांची परवानगी मिळेपर्यंत थांबणं हेही टाळणंच.

## ७. तारीख आणि परतीची अट

शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर पोचलात, हिशोबाचा आकडा जमला, की दोन ओळी लिहा. पहिली, नोकरी कोणत्या तारखेला सोडणार, नोटीस पीरियड धरून. दुसरी, कोणत्या परिस्थितीत परत नोकरी शोधायला लागणार: ‘शिल्लक चार महिन्यांच्या खर्चाइतकी उरली की’. ही अट आत्ता, डोकं शांत असताना लिहायची. शिल्लक संपत आल्यावर लिहायला बसलात तर एक तर फार लवकर परताल, नाहीतर फार उशिरा. साहेबांना दोन शब्द सुनावून निघायचा मोह आवरा. मुंबईत प्रत्येक क्षेत्र आतून फार लहान असतं, आणि पहिलं मोठं काम पुष्कळदा जुन्या ऑफिसातूनच येतं.

## ही पद्धत कुठे पुरत नाही

झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, अचानक छातीत धडधडून श्वास कोंडल्यासारखं वारंवार होत असेल, घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर शिडी बाजूला ठेवा आणि तज्ज्ञाला भेटा. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. परळचं केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी, मानसोपचार नंतर.

## नोकरी सोडल्यानंतरचा पहिला सोमवार

याची तयारी जवळपास कोणीच करत नाही. सकाळी अकराच्या सुमारास घर रिकामं होतं, फोन वाजत नाही, आणि गेलेली भीती परत येते, कधीकधी आधीपेक्षा मोठी. ती येणार हे धरून चाला आणि पहिल्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक शेवटच्या पगाराआधीच भरून ठेवा: सोमवारी अकरा वाजता कोणाला फोन, मंगळवारी कोणाची भेट, बुधवारी कोणती तालीम किंवा किती ऑर्डर. घरून काम जमत नसेल तर जवळच्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत जागा बघून ठेवा. आणि शिडीवरची ४५ ते ५५ गुणांची एखादी पायरी त्याच आठवड्यात पुन्हा करा, आधी जमलेली असली तरी.